वाचकांचे प्रश्न : सिओमाय एकच की अनेक?

प्रश्न : नोकरीच्या निमित्ताने मला आग्नेय आशियात वारंवार जावे लागते. मनिलात ‘सिओमाय’ म्हणून जो उकडलेला पदार्थ मिळतो, तो त्याच नावाने जाकार्तात मागितला, तर शेंगदाण्याच्या सॉसमध्ये बुडालेली एक भलतीच बशी समोर येते. सायगावात ‘सिउ माय’ म्हणजे टोमॅटोच्या रश्शातले खिम्याचे गोळे निघाले. बँकॉकला मात्र मनिलासारखाच पदार्थ होता, पण त्याचे नाव ‘खनोम चीप’. या सगळ्यांचे मूळ एकच आहे का आणि मूळ शब्द कोणता? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण दिलेल्या चार नावांपैकी तीन नावे एकाच चिनी शब्दाची रूपे आहेत आणि चौथे अस्सल थाई आहे. पदार्थांचे नाते मात्र नावांच्या नात्याप्रमाणे चालत नाही, आणि आपला गोंधळ झाला आहे तो नेमका तेथेच.

चीनमध्ये एकच शब्द लिहिताना सर्वत्र सारखा दिसतो, पण प्रांतोप्रांती त्याचा उच्चार इतका बदलतो की एकाचे बोलणे दुसऱ्याला कळू नये. या पदार्थाचे नाव बीजिंगच्या प्रमाण भाषेत ‘शाओमाय’, ग्वांगडोंग आणि हाँगकाँगच्या कँटनीज भाषेत ‘सिउमाय’ आणि फूजियान प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होक्कियन भाषेत ‘सिओमाय’ असे उच्चारले जाते. परदेशी गेलेल्या चिनी माणसाने तेथील लोकांच्या कानावर शब्द घातला तो आपल्या घरच्या बोलीतला. प्रमाण भाषेशी त्याला काही देणेघेणे नव्हते. म्हणून आग्नेय आशियातील एखादा चिनी शब्द ऐकला की तो कोणत्या किनाऱ्यावरच्या माणसांनी आणला हे बहुतेक वेळा नुसत्या उच्चारावरून सांगता येते.

पदार्थ जुना आहे. कोरियात चिनी भाषा शिकवण्यासाठी चौदाव्या शतकात तयार झालेल्या एका संवादपर पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख येतो, आणि तेव्हापासून आजवर त्याचे नाव तीनचार वेगवेगळ्या चिन्हजोड्यांनी लिहिले गेले आहे. हल्ली रूढ असलेल्या चिन्हांचा शब्दशः अर्थ ‘भाजणे’ आणि ‘विकणे’ असा होतो. जो पदार्थ भाजला जात नाही, उकडला जातो, त्याला हा अर्थ कोठूनही लागू पडत नाही. चिन्हे निव्वळ आवाजासाठी उसनी घेतलेली दिसतात. उत्तर चीनमध्ये अशी एक कथा सांगतात की चहाच्या दुकानात चहाबरोबर जाता जाता हा पदार्थही विकला जाई, म्हणून त्याला ‘सोबत विकलेले’ या अर्थाचे नाव पडले. कथा गोड आहे, परंतु चिन्हे अनेक आणि आवाज एक अशी स्थिती असते तेव्हा अशा कथा बहुधा मागाहून रचलेल्या असतात, असे माझे मत आहे.

आता पदार्थ. गव्हाच्या पिठाची पातळ गोल पारी, मधोमध सारण आणि कडा वर घेऊन कमरेशी हलकेच आवळलेल्या. मोदकाच्या कळ्या पाडून झाल्या आणि त्या शेंडीशी मिटवायच्या तेवढ्या राहून गेल्या, तर जे दिसेल ते शाओमायचे रूप होय. वरचे तोंड उघडे असते आणि सारण दिसत राहते. अंतर्मंगोलियातील होहोत शहरात ते मेंढीच्या मांसाचे व कांद्याच्या पातीचे करतात, यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात चिकट भाताचे, तर ग्वांगडोंगमध्ये डुकराच्या मांसाचे आणि कोळंबीचे. समुद्रापार गेले ते मुख्यतः दक्षिणेकडचे, कारण माणसे गेली ती दक्षिणेकडूनच.

फिलिपाइन्सपुरते बोलायचे तर तेथील चिनी वस्ती प्रामुख्याने होक्कियन भाषकांची आहे. चीनच्या मिंग घराण्याच्या दरबाराने समुद्री व्यापारावरची बंदी 1567 मध्ये सैल केली ती फूजियानमधील चांगचौजवळच्या एका बंदरापुरती. त्यानंतर चारच वर्षांनी, 1571 मध्ये, स्पॅनिश लोकांनी मनिलाला आपली राजधानी केले आणि रेशीम देऊन चांदी घेण्याचा व्यापार दोन्ही टोकांनी बहरला. ख्रिस्ती झालेल्या चिनी लोकांसाठी 1594 मध्ये वसवलेली बिनोंदो ही पेठ आजही मनिलाचा चिनी भाग म्हणून नांदती आहे. सिओमाय हा शब्द त्याच पहिल्या गलबतांतून आला असे म्हणण्याचे काही कारण नाही, पण ज्या भाषेतून तो आला ती भाषा या इतिहासामुळे तेथे रुजली. ‘पान्सित’ म्हणजे शेवयांचे प्रकार आणि ‘लुम्पिया’ म्हणजे गुंडाळी, हे तागालोगमधील रोजचे शब्दही तिचेच आहेत. मनिलातील सिओमाय मुळाशी बराच इमान राखून आहे: पिवळसर पारी, डुकराचे मांस, क्वचित गाजराचा कीस. बदलले ते तोंडीलावणे. सोया सॉसमध्ये कालामान्सी हे सुपारीएवढे स्थानिक लिंबू पिळून त्यात लसूण-मिरचीचे तेल घालतात. आणि भाताशिवाय जेवण झाल्यासारखे न वाटणाऱ्या या देशात ‘सिओमाय राइस’ नावाचे स्वस्त जेवण रेल्वे स्थानकांपासून महाविद्यालयांच्या फाटकांपर्यंत सर्वत्र मिळते.

जावा बेटावरही शब्द होक्कियनमधूनच आला, म्हणून नाव तेच. परंतु जावा हा मुसलमान बहुसंख्येचा प्रदेश असल्यामुळे डुकराचे मांस सारणातून गेले, आणि त्याच्या जागी तेंगीरी हा सुरमईच्या कुळातील मासा व टॅपिओकाचे किंवा सागोचे पीठ आले. पीठ वाढले तसा पदार्थ घट्ट आणि चिवट झाला आणि पारीचे महत्त्व कमी होत गेले. बांडुंग शहराचा सिओमाय विशेष नावाजलेला. विक्रेता सायकलच्या मागे ॲल्युमिनियमचे उकडपात्र बांधून गल्लीबोळांतून फिरतो, आणि ‘सिओमाय’ म्हणून जी बशी देतो तिच्यात सिओमाय हा अनेकांपैकी एक असतो. उकडलेला बटाटा, कोबीची वळकटी, सारण भरलेले कारले, टोफू आणि अंडे हे सगळे कात्रीने किंवा सुरीने बशीतच तोडून त्यावर शेंगदाण्याचा दाट सॉस, गोडसर काळा सोया सॉस आणि वर लिंबाची फोड. या एका बशीतले शब्दही पाहण्यासारखे आहेत. टोफूला म्हणतात ते ‘ताहू’ आणि सोया सॉसचे ‘केचाप’ ही होक्कियन नावे, कोबीचे ‘कोल’ हे डच नाव, आणि ज्याच्या सॉसने सगळे झाकले जाते तो शेंगदाणा अमेरिकेतून आलेला. आपल्यासमोर आलेली बशी ‘भलतीच’ नव्हती. जाकार्तात तोच सिओमाय.

व्हिएतनाममध्ये मात्र ‘सिउ माय’ हे रूप कँटनीज आहे, आणि त्याचा पुरावा शब्दातच आहे. व्हिएतनामी भाषेत प्रत्येक चिनी चिन्हाचे एक जुने, ग्रंथांतून चालत आलेले वाचन असते. त्या पद्धतीने या नावाचे पहिले चिन्ह ‘थिएउ’ असे वाचले गेले असते. तसे ते कोणी म्हणत नाही. शब्द पोथीतून आला नाही, सायगावच्या चोलोन भागात ज्यांची संख्या सर्वांत मोठी होती त्या कँटनीज लोकांच्या तोंडून आला. कोळंबीच्या पारदर्शक पुडीला तेथे म्हणतात ते ‘हा काओ’ आणि वाँटन या रश्शातल्या चिनी पुडीला म्हणतात ते ‘होआन्ह थान्ह’ हे शब्दही त्याच दुकानांतले. पुढे असे झाले की सारण टिकले आणि पारी गळून पडली. आपण खाल्लेले गोळे म्हणजे पारी नसलेला सिउमाय होय. फ्रेंच अमलात रुळलेल्या लांबट पावात ते कुस्करून घालतात किंवा, दालातसारख्या थंड हवेच्या गावात, वाटीभर रश्शात देऊन सोबत पाव ठेवतात. चिनी उपाहारगृहात गेलात तर पारीसकटचा पदार्थही याच नावाने मिळेल. एका शब्दावर दोन पदार्थ सुखाने नांदत आहेत.

राहिले बँकॉक. तेथील चिनी समाज मुख्यतः तेओच्यू या ग्वांगडोंगच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बोलीच्या भाषकांचा. 1767 मध्ये अयुथ्या ही सयामची जुनी राजधानी पडल्यावर राज्य पुन्हा उभे करणाऱ्या ताक्सिन राजाचे वडीलही त्यांच्यातलेच. तेव्हा तेओच्यू शब्द रूढ व्हायला काही हरकत नव्हती. पण थाई लोकांकडे आधीपासून स्वतःचा एक चुण्या पाडलेला पदार्थ होता. ‘खनोम’ म्हणजे खाऊ आणि ‘चीप’ म्हणजे चुण्या घालणे. राम दुसरा या राजाने (कारकीर्द 1809 ते 1824) राजवाड्यातील पदार्थांवर रचलेल्या काव्यात खनोम चीपचे नाव येते, आणि तो पदार्थ चिनी नव्हे तर राजघराण्यातील स्त्रियांच्या हातचा, बारीक चुण्यांचा, नाजूक पदार्थ होता. चुण्यांची चिनी पुडी बाजारात आली तेव्हा थाई लोकांनी तिला हे तयार नाव देऊन टाकले, आणि आज बहुतेकांच्या मनात त्या नावाने चिनी पदार्थच उभा राहतो. जुन्याला ओळखीसाठी ‘थाई’ हे विशेषण जोडावे लागते. ‘चीप’चा दुसरा अर्थ एखाद्याच्या मागे प्रेमाने लागणे असाही असल्यामुळे या खाऊवरून थाई तरुणांत कोट्यांना तोटा नाही. सेव्हन-इलेव्हन या साखळीच्या किरकोळ दुकानात पैसे देताना कर्मचारी ‘आणखी खनोम चीप, सालापाओ (सारण भरलेला वाफेवरचा गोळा) घेणार का?’ असे विचारतो, हे वाक्य तर थायलंडमध्ये विनोदाचा विषय होऊन बसले आहे.

सारांश विचाराल तर मनिला आणि सायगाव यांचा शब्द एक पण पदार्थ दोन, आणि मनिला व बँकॉक यांचा पदार्थ एक पण शब्द दोन.

प्रश्न : सिंगापूरला मुलीकडे गेलो असता ‘पाउ’ नावाचा पांढराशुभ्र, मऊ, वाफेवर केलेला गोळा रोज न्याहारीला खाल्ला. आपला ‘पाव’ आणि हा ‘पाउ’ एकच शब्द असावा, पोर्तुगीज मलाक्कालाही होतेच, असे माझे मत झाले आहे. ते बरोबर आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तर्क आकर्षक आहे, परंतु तो टिकत नाही. आपला पाव पोर्तुगीजांच्या ‘पांव’वरून आला, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’. सिंगापूर आणि मलेशियातील ‘पाउ’ हा चिनी शब्द असून त्याचा अर्थ गुंडाळणे, पुडी बांधणे असा आहे. प्रमाण चिनीत त्याचा उच्चार ‘बाओ’. हेच चिन्ह वापरून त्या दोन्ही देशांत ‘तापाउ’ हा शब्दही रोज ऐकू येतो. खाणे बांधून न्यायचे असेल तर गिऱ्हाईक एवढेच म्हणतो, मग तो चिनी असो, मलाय असो की तमिळ. पावात पुडीचा अर्थ नाही आणि पाउमध्ये भाकरीचा नाही. साम्य आहे ते केवळ कानाला.

आपण मलाक्काचा उल्लेख केला तो मात्र मोलाचा आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तेथील पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती समाजाच्या क्रिस्तांग बोलीत पावाला ‘पांग’ म्हणतात, आणि रताळे घातलेल्या कणकेत खिम्याचे सारण भरून ते ‘पांग सुसी’ नावाचा पाव भाजतात. म्हणजे त्या एका शहरात लॅटिन घराण्याचा सारणाचा पाव आणि चिनी घराण्याचा सारणाचा पाउ शेजारी शेजारी विकले जात आले आहेत. मलाय भाषेने मात्र पावासाठी दोघांपैकी कोणाचाच शब्द न घेता भारतातून गेलेला ‘रोटी’ हा शब्द ठेवला. असाच एक चकवा व्हिएतनामी ‘बान्ह’ या शब्दाचा. तो फ्रेंचांच्या पावाच्या नावावरून आला असे पुष्कळ जण सांगतात, परंतु पिठाच्या पदार्थांना लावला जाणारा हा शब्द फ्रेंच येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या भाषेत आहे. कंबोडियातील पावाच्या ‘नुम पांग’ या नावातला दुसरा शब्द मात्र खरोखरीच फ्रेंच आहे.

या पाउची इतर नावे पाहिली तर पहिल्या उत्तरातले बोलींचे सूत्र येथेही दिसते. होक्कियनमध्ये ‘सिओ’ म्हणजे गरम. गरम पाउ म्हणून फिलिपाइन्समध्ये ‘सिओपाओ’. होक्कियनमध्येच ‘बाक’ म्हणजे मांस, म्हणून इंडोनेशियात ‘बाकपाओ’. थायलंड आणि लाओसमध्ये ‘सालापाओ’, कंबोडियात ‘नुम पाओ’, व्हिएतनाममध्ये ‘बान्ह बाओ’. यातील व्हिएतनामी ‘बाओ’ हे पोथीतले वाचन आहे, सिउ मायसारखे दुकानातले नव्हे. शेजारच्या दोन पदार्थांची नावे एकाच भाषेत दोन वाटांनी आली.

फिलिपाइन्समध्ये सिओपाओ घरोघरी पोचवला तो मा मोन लुक या गृहस्थांनी. ते शाळामास्तर होते आणि 1918 मध्ये कँटनहून मनिलाला आले. खांद्यावरच्या कावडीला दोन पिंपे अडकवून, एकात शेवया व मांस आणि दुसऱ्यात कढत रस्सा घेऊन ते रस्तोरस्ती फिरत आणि गिऱ्हाइकासमोर कात्रीने शेवया कापून देत. पुढे उपाहारगृह निघाले आणि शेवयांच्या वाडग्याबरोबर सिओपाओ खाण्याची रीत पडली. विक्रेता कँटनीज, पण त्याच्या मालाचे नाव मनिलात रूढ असलेल्या होक्कियनमधले. बाजाराची भाषा एकट्या माणसाला बदलता येत नाही. सारणाची नावे तर आणखी तिसरीच: ‘आसादो’ म्हणजे गोडसर शिजवलेले मांस आणि ‘बोला-बोला’ म्हणजे खिम्याचा गोळा, हे दोन्ही शब्द स्पॅनिशमधून आलेले.

प्रश्न : बाकपाओतील ‘बाक’ म्हणजे मांस, मग इंडोनेशियात शाकाहारी माणसाने ‘बाक’ने सुरू होणारे सर्व पदार्थ टाळावेत का? आणि इतर देशांत काय विचारावे? आम्ही यंदा सहकुटुंब निघत आहोत. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नावावर विसंबून टाळूही नये आणि खाऊही नये. होक्कियनमध्ये नुसते ‘बाक’ म्हटले की डुकराचे मांस समजले जाते, परंतु इंडोनेशियात हा अर्थ सर्वसाधारण लोकांच्या लक्षातही राहिलेला नाही. तेथील ‘बाक्सो’ हे गोळे बहुधा गोमांसाचे असतात. ‘बाकवान’ या शब्दाचा मूळ अर्थ मांसाचा गोळा, पण आज ती कोबी, गाजर आणि मक्याच्या दाण्यांची तळलेली भजी असतात. त्यांतही कोठे कोठे कोळंबी घालतात. योग्यकार्ता शहराची ‘बाकपिया’ तर नावाने मांसाची करंजी आणि आत गोड मुगाचे पुरण. बाकपाओमध्ये कोंबडी असते, तसेच मूग आणि चॉकलेटही असते. ‘इसी आपा?’ म्हणजे ‘सारण कसले?’ एवढे विचारता आले तरी पुष्कळ काम होते, आणि उत्तरात ‘काचांग हिजाउ’ ऐकू आले तर ते मूग. सिओमायची बशी मात्र टाळावी. त्यातले बटाटा-कोबी माशाच्या गोळ्यांबरोबर एकाच पात्रात उकडलेले असतात.

थायलंडमध्ये ‘चे’ हा शब्द उपयोगी पडेल. व्रताच्या आहारासाठी असलेल्या चिनी शब्दाचे ते रूप आहे. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला तर तेथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही असे समजावे. चिनी नवव्या महिन्यातील पहिले नऊ दिवस, बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास, फुकेतपासून बँकॉकपर्यंत असे झेंडे रस्तोरस्ती लागतात. आपला प्रवास तेव्हा असेल तर खाण्याची चिंता जवळजवळ मिटली म्हणायची. व्हिएतनाममध्ये त्याच मूळ शब्दाचे रूप ‘चाय’ असे आहे, चहाशी त्याचा संबंध नाही. तेथील बौद्ध कुटुंबे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी, मांस वर्ज्य करतात आणि त्या दिवसांत ‘चाय’ची पाटी अधिक ठिकाणी दिसते.

गोड सारणाच्या पाउबाबत एक सावधगिरी बाळगावी. सारण लाल चवळीसारख्या कडधान्याचे असले तरी कणीक मऊ राहावी म्हणून तिच्यात डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत अनेक चिनी दुकानांत आहे. मलेशियात हलाल असे प्रमाणपत्र लावलेल्या दुकानात ही शंका राहत नाही, अंड्याची मात्र राहते. मलेशिया-सिंगापूरच्या पुष्कळ दुकानांत सारण ओळखण्यासाठी पाउच्या डोक्यावर रंगाचा ठिपका लावलेला असतो. पण लाल ठिपक्याचा अर्थ एका दुकानात एक आणि शेजारच्या दुकानात दुसराच असतो, तेव्हा ठिपका पाहून न घेता विचारून घ्यावे.